विज्ञानाची वाट : भिंग आणि साठ रुपये

(अल सद्द, दोहा येथील वार्षिक कुटुंबमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संयोजकांनी मला दिलेला विषय वरवर पाहता साधा आहे : माणसे विज्ञानाच्या क्षेत्राकडे कशी वळतात? परंतु हा प्रश्न आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या दारात येऊन उभा राहिलेला आहे. दहावीचा निकाल लागतो, मुलगा किंवा मुलगी "मी सायन्स घेणार" असे सांगते, आणि घरात समाधानाचे वातावरण पसरते. पण सायन्स घेणे आणि विज्ञान स्वीकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या बहुतेक घरांत सायन्स म्हणजे अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेशाकडे नेणारा दोन वर्षांचा पूल होय. पूल ओलांडला की त्याच्याकडे कोणी मागे वळून पाहत नाही. मात्र एखाद्या मुलीने "मला मातीचा अभ्यास करायचा आहे" किंवा "मला ताऱ्यांविषयी संशोधन करायचे आहे" असे म्हटले, तर त्याच घरात एक अवघडलेली शांतता पसरते. "मग पुढे काय?" असे वडील विचारतात.

या वडिलांना मी दोष देणार नाही. आखातातील आपले वास्तव्य नोकरीशी बांधलेले आहे. नोकरी आहे तोवर निवास परवाना आहे. गावी वृद्ध आईवडील आहेत, बहिणीचे लग्न आहे, घराचे कर्ज आहे. अशा माणसाने मुलाच्या भवितव्याविषयी सावध असणे हा त्याचा अनुभव आहे, अज्ञान नव्हे. म्हणूनच या प्रश्नाचा विचार भावनेने न करता, ज्यांनी प्रत्यक्ष ही वाट चोखाळली त्यांच्या जीवनाच्या आधारे करावा असे मला वाटते.

सर्वसामान्य समज असा आहे की शास्त्रज्ञ जन्मावा लागतो. उपजत बुद्धी असली की माणूस आपोआप विज्ञानाकडे ओढला जातो, असे आपण मानतो. ही समजूत सोयीची आहे, कारण तीत कुटुंबाला आणि समाजाला काहीच करावे लागत नाही. परंतु चरित्रे निराळी साक्ष देतात.

प्रथम घराचा विचार करू. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला. वडील विष्णु नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. घरात राहावयास आलेले मामा फळ्यावर गणिताचे कोडे लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. अशा घरात वाढलेल्या मुलाला विज्ञान हे क्षेत्र 'निवडावे' लागलेच नाही. ते त्याच्या अंगणातच होते. दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे गोव्याचे. ज्ञानाच्या शोधात घर सोडून ते नेपाळ आणि श्रीलंकेपर्यंत गेले, आणि पुढे पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पोचले. त्यांचे पुत्र दामोदर यांचे शिक्षण अमेरिकेत झाले आणि १९२९ साली ते हार्वर्डचे पदवीधर झाले. वडिलांचा विषय पाली, मुलाचा विषय गणित! १९४४ साली दामोदर कोसंबींनी आनुवंशशास्त्रात मांडलेले सूत्र आजही पिकांच्या जनुकांचे नकाशे तयार करताना वापरले जाते. तेच कोसंबी जुनी नाणी तराजूत तोलून त्यांच्या झिजेवरून इतिहास वाचीत. वडिलांनी मुलाला विषय दिला नाही. एखाद्या प्रश्नाच्या मागे शेवटपर्यंत जाण्याची सवय मात्र दिली. घर देऊ शकते ते एवढेच, आणि ते पुष्कळ आहे.

परंतु ज्यांच्या घरी फळा नव्हता, ग्रंथ नव्हते, त्यांचे काय? येथे डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जन्म १९४३, गाव गोव्यातील माशेल. सहा वर्षांचे असताना वडील वारले. आई मुलाला घेऊन मुंबईत आली आणि मिळेल ते काम करून तिने त्याला शिकविले. बाराव्या वर्षापर्यंत त्यांच्या पायात चप्पल नव्हती. त्यांच्या शाळेतील भावे सरांनी एके दिवशी मुलांना उन्हात नेले, बहिर्वक्र भिंग हाती घेतले आणि त्यातून सूर्यकिरण कागदावर एकत्र आणले. कागद जळू लागला. आपली शक्ती अशीच एका बिंदूवर आणली तर काहीही साध्य करता येते, हा धडा सरांनी त्या वेळी दिला. आपण त्याच दिवशी विज्ञानाकडे वळलो, असे माशेलकरांनी अनेक व्याख्यानांतून सांगितलेले आहे.

ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना आवडते, कारण ती सुंदर आहे. पण ती येथेच संपवली तर ती अर्धवट राहते. १९६० साली ते शालान्त परीक्षेत गुणवत्ता यादीत अकरावे आले, आणि तरीही पैशाअभावी शिक्षण सोडण्याची वेळ आली होती. त्या प्रसंगी सर दोराबजी टाटा न्यासाची दरमहा साठ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती सहा वर्षे चालू राहिली. पुढे ते रसायन अभियंता झाले, संशोधक झाले, आणि १९९५ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. आता विचार करा. भिंग नसते तर त्या मुलाला वाट दिसली नसती. साठ रुपये नसते तर दिसलेल्या वाटेवर त्याला चालता आले नसते. माझ्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे : विज्ञानाकडे वळण्यासाठी कोणीतरी भिंग दाखवावे लागते आणि कोणीतरी साठ रुपये द्यावे लागतात. ज्या समाजात या दोन्ही गोष्टी सहज मिळतात, तेथे शास्त्रज्ञ 'जन्मतात' असे म्हटले जाते.

जगाचा इतिहासही हेच सांगतो. मायकेल फॅरेडे हा लंडनमधील एका लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात तो उमेदवारी करीत होता आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचीत होता. १८१२ साली दुकानातील एका ग्राहकाने त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडेने ती व्याख्याने टिपून घेतली, त्या टिपणांचे पुस्तक बांधले आणि डेव्हींकडे पाठविले. १८१३ साली त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची जागा मिळाली. ज्या तत्त्वावर आजची विद्युत जनित्रे चालतात, ते विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व १८३१ साली याच माणसाने शोधले. त्या ग्राहकाने काय केले? चार तिकिटे दिली!

आपल्या घरातील उदाहरण तर आपण सर्वजण जाणतोच. मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र ठेवले, आणि महाराज सयाजीराव गायकवाडांनी पुढे कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. एकाने भिंग दिले, दुसऱ्याने साठ रुपये दिले. मुलाची बुद्धी असामान्य होती यात शंका नाही. परंतु त्या काळी किती असामान्य मुले गुरे राखण्यात संपून गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

काही माणसांना भिंगही मिळते आणि पैसाही, पण दारच बंद असते. कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी, या १९३३ साली मुंबई विद्यापीठाची विज्ञान पदवी उच्च गुणांनी उत्तीर्ण झाल्या. त्यांचे वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रवेश मागितला. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारण्यात आला. कमलाबाईंनी तो नकार मान्य केला नाही. त्या तेथेच ठाण मांडून बसल्या. अखेर वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून संस्थेने पुढे मुलींना प्रवेश देण्यास आरंभ केला. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. एका मुलीच्या हट्टाने दार उघडले आणि ते तिच्यामागून येणाऱ्यांसाठीही उघडेच राहिले. आपल्या मुलींना हे नाव माहीत असलेच पाहिजे.

आता ज्यांच्याजवळ घर, भिंग, पैसा आणि दार यांपैकी काहीच नव्हते, अशा एका माणसाविषयी सांगतो. विदर्भातील साठगाव येथील नामदेव निमगडे. भूमिहीन, अस्पृश्य कुटुंब. शाळेत पाऊल ठेवले तेव्हा वय चौदा वर्षे. तेही वर्गात नव्हे! अस्पृश्य म्हणून त्यांना बाहेर तापलेल्या व्हरांड्यात उभे राहून खिडकीतून धडा ऐकावा लागे. त्याच मुलाने पुढे कृषिविज्ञानाचे शिक्षण घेतले, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत काम केले, आणि १९६२ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातून मृदाशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्यांचे आत्मचरित्र २०१० साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. बंधूंनो, ज्या जमिनीचा एक तुकडाही त्यांच्या कुटुंबाच्या मालकीचा नव्हता, त्या जमिनीच्या मातीचे शास्त्र हा माणूस शिकला! ही वाट त्यांनी चालून दाखविली, म्हणून त्यांना आपण वंदन करावे. पण त्या व्हरांड्यातील खिडकीला आपण शिक्षणपद्धती म्हणू शकत नाही. एक निमगडे खिडकीतून शिकले, याचा अर्थ खिडकी पुरेशी होती असा होत नाही.

नेमकी हीच गोष्ट बाबासाहेबांनी ओळखली होती. १९४२ च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी एक सविस्तर निवेदन सादर केले. त्यातील शिक्षणविषयक भाग प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : कला आणि कायदा या शाखांतील पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे कल्याण होणार नाही, त्यांना उपयोगी पडेल ते विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण. मग आपली मुले कला आणि कायद्याकडेच का जातात? तर विज्ञानाचा खर्च त्यांच्या पालकांच्या आवाक्याबाहेर असतो म्हणून. यासाठी देशातील विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांकरिता वार्षिक दोन लाख आणि परदेशी शिक्षणाकरिता वार्षिक एक लाख रुपये द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. पुढे तीन लाखांची वार्षिक तरतूद मंजूर झाली आणि आपले काही विद्यार्थी परदेशी उच्च शिक्षणासाठी जाऊ शकले.

हे निवेदन करणारे स्वतः अर्थशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित होते, हे लक्षात घ्या. स्वतःच्या विषयाची थोरवी बाजूस ठेवून त्यांनी समाजाची गरज पाहिली. ज्याला आपण 'आवड' म्हणतो तिच्यामागे खिशाचे गणित असते, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले ते कला व विज्ञान या दोन्ही शाखांचे. १९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. मराठवाड्यासारख्या मागासलेल्या भागातील मुलाला प्रयोगशाळेचे दार उघडे व्हावे, ही त्यामागील दृष्टी होती.

आता आपण अल सद्दमध्ये परत येऊ. येथे भिंग कोठे आहे? मी म्हणतो, ते आपल्या हातातच आहे. या सभागृहात बसलेली माणसे कोण आहेत? कोणी वायू प्रकल्पात उपकरणांची देखभाल करतो, कोणी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते, कोणी वीज केंद्रात आहे, कोणी पाणी शुद्धीकरणाच्या प्रकल्पावर. या देशात नदी नाही. आपण रोज पितो ते जवळजवळ सर्व पाणी समुद्राचे आहे. ते गोडे कसे होते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळते, हे वाक्य मुलांच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्याच तत्त्वावर, एकापाठोपाठ एक अशा कमी होत जाणाऱ्या दाबाच्या कक्षांमधून तापलेले खारे पाणी नेतात. प्रत्येक कक्षेत त्यातील काही भागाची वाफ होते, ती थंड केली की गोडे पाणी मिळते. दुसऱ्या पद्धतीत पाणी मोठ्या दाबाने सूक्ष्म पडद्यातून ढकलतात आणि क्षार मागे राहतात. तसेच येथील नैसर्गिक वायूचे. तो उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी कमी होते. म्हणून तर तो जहाजात भरून जगभर पाठविता येतो. मुलगा हे पुस्तकात पाठ करतो, वडील तेच दिवसभर हाताने करतात, आणि संध्याकाळी जेवताना दोघांत या विषयावर एक शब्दही होत नाही! आपण थकून येतो हे खरे. "आपण साधे टेक्निशियन, आपण काय शिकविणार?" असा संकोचही मनात असतो. हा संकोच सोडला पाहिजे. भावे सरांच्या हाती एक भिंगच होते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, आपल्या संस्थेने महिन्यातील एका शुक्रवारी, वंदनेनंतर, एक तास मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावा. प्रत्येक वेळी आपल्यापैकी एकाने आपल्या कामामागील विज्ञान सांगावे. नोकरीच्या ठिकाणची गोपनीय माहिती नव्हे, तर त्यामागील तत्त्व. मीठ, पातेले, बर्फ आणि तापमापक एवढ्या साहित्यावर पुष्कळ प्रयोग होतात. ज्या प्रश्नाचे उत्तर येणार नाही, तो वहीत लिहून ठेवावा आणि पुढील महिन्यापर्यंत सर्वांनी मिळून त्याचा शोध घ्यावा. मोठ्यांनाही उत्तर शोधावे लागते, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहणे हाच विज्ञानाचा पहिला संस्कार होय.

दुसरी गोष्ट साठ रुपयांची. मुलाने मूलभूत विज्ञान घेतले तर उपाशी राहील, ही भीती आज पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. पुण्यात २००६ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेसारख्या संस्थांत बारावीनंतर पाच वर्षांचा पदवी व पदव्युत्तर असा सलग अभ्यासक्रम आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. शालेय विद्यार्थ्यांच्या ऑलिंपियाड स्पर्धांचे काम तेथून चालते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. मात्र वाट लांब आहे हेही मोकळेपणाने सांगतो. बारावीनंतर डॉक्टरेटपर्यंत दहा वर्षे सहज जातात, आणि त्यानंतरही कायम नोकरीसाठी थांबावे लागू शकते. ही दहा वर्षे घराने धीर धरला नाही तर मुलगा मध्येच तुटतो.

येथे आपली एक विशेष अडचण आहे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, आणि परदेशी शिक्षणासाठी शासनाच्या शिष्यवृत्त्याही आहेत. परंतु उत्पन्नमर्यादेमुळे आखातातील पुष्कळ कुटुंबे त्यांत बसत नाहीत, आणि स्वबळावर हा खर्च पेलण्याइतकी ती श्रीमंतही नाहीत. म्हणून माझी दुसरी सूचना : आपण एक छोटा निधी उभारावा. प्रत्येक कुटुंबाने दरमहा थोडे रियाल बाजूस काढावेत, आणि त्यातून दरवर्षी विज्ञान शिकणाऱ्या किमान दोन विद्यार्थ्यांना, एक येथील व एक गावाकडील, नियमित साहाय्य द्यावे. गावाकडील मुलाचा आग्रह मी का धरतो? कारण आपल्या मुलांना येथे निदान वर्गात बाक मिळालेला आहे. विदर्भ-मराठवाड्यातील एखाद्या वस्तीत आजही कोणी मुलगा खिडकीबाहेर उभा असेल. एकदम मोठी रक्कम देऊन फोटो काढण्यापेक्षा लहान रक्कम सहा वर्षे न चुकता देणे अधिक मोलाचे आहे. साठ रुपयांचे सामर्थ्य त्यांच्या नियमितपणात होते.

वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलाने अभियांत्रिकी घेतली, वैद्यकी घेतली, तर आनंदच आहे. समाजाला त्यांची गरज आहे. पण मुलगी "मला संशोधन करायचे आहे" म्हणाली, तर "पुढे काय?" हा प्रश्न तोंडावर दार लावण्यासाठी विचारू नका. तो खरोखर विचारा. तिच्याबरोबर बसून अभ्यासक्रम पाहा, खर्च मांडा, छात्रवृत्तीच्या अटी वाचा, त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी तिला बोलू द्या. त्यानंतर ती दुसरी वाट धरील, तर तो तिचा निर्णय असेल. आपल्या आजोबांना निवड करण्याची संधीच नव्हती. जे वाट्याला आले ते त्यांनी केले. आपल्या पिढीने पोटासाठी समुद्र ओलांडला. तिसऱ्या पिढीला निवड करता यावी, यासाठीच हे सर्व कष्ट आहेत ना?

आणि बालमित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो. प्रश्न विचारण्यास लाजू नका. आज घरी गेल्यावर पेल्यात पाणी घ्या आणि बाबांना विचारा, "हे समुद्रातून येथवर कसे आले?" बाबांना सांगता आले तर लक्षपूर्वक ऐका. नाही आले तर दोघे मिळून शोधा.

 निधीच्या सूचनेवर याच सभेत चर्चा व्हावी अशी अध्यक्ष महोदयांना विनंती करतो आणि माझे भाषण संपवितो.

जयभीम. नमो बुद्धाय.